तीन दगडांवरचे बटेर

भाद्रपदात, गुरुवारी, शोभा वारली. सकाळचा चहा तिने केला होता. दुपारी डॉक्टरांनी मला खुर्चीवर बसायला सांगितलं.

त्यानंतर मी प्रवास असा केला नाही. मी निवृत्त ग्रंथपाल. नाशिकमध्ये घरातून वाचनालयात जायचं आणि वाचनालयातून घरी यायचं, एवढाच माझा रस्ता. ताडकळसहून, म्हणजे शोभाच्या माहेरून, माझा मेव्हणा मुंजाजी अधूनमधून फोन करायचा. "दाजी, कवा येताव?" मी म्हणायचो, "बघतो."

त्याच्या विचारण्यामागे कारण होतं. तिकडे दुखोटा (दुखवटा) काढण्याचा रिवाज आहे. ज्याचं माणूस गेलं त्याला नातलग घरी बोलावतात, टॉवेल-टोपी देतात आणि तिखट जेवण (मटणाचं जेवण) घालतात. तोवर बोलावणाऱ्यांच्या घरीही मटण शिजत नाही. शोभाच्या माहेरी याला आणखी एक जोड आहे. हे जेवण शिकारीचं असतं, ते स्वयंपाकघरात नाही तर शेतात तीन दगडांच्या चुलीवर होतं, पुरुष ते रांधतात, आणि पातेलं हलवायचं काम ज्याचा दुखोटा आहे त्याचं.

मी जात नव्हतो त्यालाही कारण होतं. शोभाच्या चौदाव्याला आलेले एक दूरचे नातलग माझी समजूत घालताना म्हणाले होते, "एकदा दुखवटा निघाला की दोन्ही घरं मोकळी." त्यांनी ते चांगल्या मनाने म्हटलं होतं. पण माझ्या मनात ते वाक्य रुतून बसलं. आम्हाला मूल नाही. त्या घराला मी जोडलेला होतो तो शोभामुळे. ते जेवण झालं, हात धुतले, की मुंजाजीला फोन करायला निमित्त उरणार नाही, आणि मलाही जायला. म्हणून मी लांबवत राहिलो.

पौषात त्याचा पुन्हा फोन आला. "दाजी, दीड वर्स व्हायलंय. घरात मटन न्हाई. आता मी कोंबड्याकडं नुसतं बघितलं तरी ते पळायलंय." बऱ्याच दिवसांनी मी हसलो. दुसऱ्या दिवशी तिकीट काढलं.

सकाळची गाडी. जालना मागे पडलं की माती काळी होत जाते, आणि सेलूपासून पुढे तर ती इतकी काळी दिसते की नुकती भिजवून ठेवल्यासारखी वाटते. ज्वारी कणसात आली होती. मधूनच करडईचे पिवळे पट्टे. शोभा या पट्ट्यांपाशी खिडकीला कपाळ टेकवायची आणि मग परभणीपर्यंत माझ्याशी बोलायची नाही. तेव्हा मी पुस्तक वाचत असायचो. या वेळी पुस्तक पिशवीतच राहिलं.

परभणीहून ताडकळसची एसटी मिळाली. शेजारी डोक्यावर पदर घेतलेल्या एक बाई बसल्या होत्या, मांडीवर कोथिंबिरीची जुडी.

"कोनाकडं जायलाव?" त्यांनी विचारलं.

मी मुंजाजीचं नाव सांगितलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"शोभाचे मालक का?"

"हो."

"आमी एका वर्गात होतो. लय शिकार खायची बगा ती. हाडूक कसं सोडायची न्हाई. मास्तरीन झाली, नाशिकला गेली, तिथं काय खायली आसंल, मनायचो आमी." मग म्हणाल्या, "तुमी खाता का?"

"मटण खातो. शिकार कधी नाही."

"मंग कशाचे जावई तुमी," असं म्हणून त्यांनी कोथिंबिरीच्या दोन काड्या तोडून माझ्या हातात ठेवल्या. का ते मला कळलं नाही. मी त्या वास घेत ताडकळसपर्यंत गेलो.

स्टँडवर मुंजाजी उभा होता. साठीला टेकलेला, उंच, कानाला मफलर. त्याने माझी पिशवी घेतली आणि काहीच बोलला नाही. तिकडचे पुरुष पहिल्या भेटीत बोलत नाहीत. पिशवी घेतात.

घर सिमेंटचं, पुढे पत्र्याची पडवी. पडवीत सासूबाई बसल्या होत्या. सगळं गाव त्यांना माय म्हणतं, मीही तेच म्हणतो. त्या माळकरी, गळ्यात तुळशीची माळ, मांसाला शिवत नाहीत. या घरात शिकार कायम शेतातच शिजत आली ती त्यांच्या चुलीमुळे.

"वाळलाव," त्या म्हणाल्या.

ताटात ज्वारीची भाकरी, हरभऱ्याच्या पाल्याची भाजी आणि लसणाची चटणी होती. वर करडईचं तेल. मी जेवत असताना त्या माझ्या ताटाकडेच पाहत होत्या.

"उद्या दुखोटा निघंल तुमचा," त्या म्हणाल्या. "मंग कशाला येसाल इकडं."

"येईन की."

"मनतेत सगळे," त्या म्हणाल्या आणि भाकरीचा चतकोर ताटात टाकून उठल्या. म्हणजे ज्याला मी नाशिकला बसून घाबरत होतो, त्यालाच त्या ताडकळसला बसून घाबरत होत्या.

सकाळी मोटरसायकलवरून बोरीला निघालो. बोरी जिंतूर तालुक्यात, म्हणजे परभणी ओलांडून चांगलं लांब. पण तिथे बटेर (लावा पक्षी) पाळणारा एक शेतकरी होता. माझ्या सासऱ्यांच्या काळी शिकार म्हणजे रानातले तितर, लावे आणि ससे. कायदा आला तरी या रानापर्यंत पोचायला त्याला वेळ लागला, असं मुंजाजी सांगतो. पण पोचला तो पक्का पोचला. आता रानातल्या पाखराला कोणी हात लावत नाही. पिंजऱ्यात कोंबडीसारखे वाढवलेले बटेर मात्र खाता येतात. रिवाजातली शिकार आता इथवर आली आहे.

झरीच्या पुढे मुंजाजीने एकदम गाडी बंद केली.

"आइका."

करडईच्या पट्ट्यातून आवाज येत होता, तीन-तीन सुरांचा, भांडल्यासारखा. तितर. दिसला नाही, पण जवळच होता. मुंजाजी मान कलती करून ऐकत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर, एखाद्या लग्नात जुनी ओळखीची व्यक्ती दुरून दिसावी, तसं काहीतरी होतं.

"ह्याला आता धक्का लावायचा न्हाई," तो म्हणाला. "तुमी आमचे जावई, त्यो सरकारचा. तुमच्यापरीस त्याची बडदास्त जास्ती."

बोरीजवळच्या त्या शेडमध्ये पिंजऱ्यांच्या ओळी होत्या. मुठीएवढे तपकिरी पक्षी, पाठीवर सुकलेल्या गवतासारख्या रेघा. मालक तिशीतला, शेतकीची पदवी घेतलेला. त्याने डझनभर बटेर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात घातले आणि जाता जाता म्हणाला, "काका, लय शिजवू नका. ईस-पंचवीस मिनिटं बास झालं."

मुंजाजीने खोकं गाडीपर्यंत आणलं. मग म्हणाला, "ईस मिनिटं. आमच्या बापानं तितर दोन-दोन घंटे शिजवलेत. ह्याच्या आजीला इचार मनावं."

"पण हे तितर नाहीत," मी म्हणालो.

"दाजी, तुमी पुस्तकं लय वाचलीत," मुंजाजी म्हणाला, आणि विषय संपला.

खोकं माझ्या मांडीवर होतं. आत सारखी खुडबुड. वाटेत चहाला थांबलो. हॉटेलवाल्याने भोकातून आत डोकावून पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "रानातले का?"

मुंजाजीने साऱ्या हॉटेलाला ऐकू जाईल असा आवाज लावला. "पिंजऱ्यातले हायत. बोरीहून आनलेत. इचारा कुनाला बी."

बाकावरचे सगळे आमच्याकडे बघू लागले. त्यात एका म्हाताऱ्याने निराश होऊन बशी खाली ठेवली. "पिंजऱ्यातले," तो पुटपुटला. "त्याला काय चव."

परत निघताना माझ्या पँटवर काहीतरी ओलं लागलं. खोकं उघडून पाहिलं तर एका मादीने अंडं घातलं होतं, करड्या ठिपक्यांचं, बोराएवढं, आणि ते फुटलं होतं. मुंजाजी म्हणाला, "शकुन हाय." तो शकुन वाळेपर्यंत मी परभणी गाठली.

शेतात पोचलो तेव्हा गफूरभाई येऊन बसले होते. गफूरभाई पंचाहत्तरीचे, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. तरुणपणी माझ्या सासऱ्यांबरोबर रानात जायचे, आणि शिकार रांधायचे ते हेच. त्यांनी तीन दगड मांडून ठेवले होते आणि बाजूला पऱ्हाट्यांचा (कापसाच्या वाळलेल्या काड्यांचा) भारा. पऱ्हाटी भसकन पेटते, तिच्यावर बाभळीची लाकडं धरायची, असा क्रम.

"आव, आव, नाशिकवाले," ते म्हणाले. "चाळीस साल झाले, शोभा सांगायची आमचा नवरा चहा करतो. मी म्हणलं, चहा तर माझी एसटी बी करत होती, घाट चढताना."

पाखरं कापायचं काम त्यांनी केलं, आमच्याकडे पाठ करून, पटकन. पिसं काढली आणि पऱ्हाटीच्या जाळावर प्रत्येक पाखरू एकदा फिरवून घेतलं, बारीक लव जळून जावी म्हणून. मग हळद आणि मीठ. कापणं सोडून बाकी सगळं मीही करून पाहिलं. लव जळताना येणारा वास चांगला नसतो, हे वाचणाऱ्याला सांगितलं पाहिजे. पण तो लगेच जातो आणि त्यामागून भाजलेल्या कातडीचा जो वास येतो, त्याने शेजारच्या शेतातला कुत्रा येऊन बसला आणि जेवण होईपर्यंत हलला नाही.

रानातल्या मांसाला चरबी नसते, म्हणून तेल हात राखून घालायचं नाही, हा गफूरभाईंचा पहिला धडा. दुसरा धडा, कांदा आणि सुकं खोबरं तव्यावर नाही, थेट निखाऱ्यात भाजायचं, काळं होईपर्यंत. मी कांदे काढताना बोट भाजून घेतलं. तिसऱ्या धड्याला भांडण सुरू झालं. मुंजाजीला रश्श्यात येसर (भाजलेल्या धान्याची मसाला घातलेली पूड) हवं होतं.

"येसर कायकू?" गफूरभाई म्हणाले. "येसर लग्नाच्या आमटीत. शिकारीत खसखस."

"बापू घालायचे येसर."

"तुझा बाप रस्सा कमी पडला की येसर घालायचा. मानसं जास्ती यायची, तितर तेवढेच असायचे."

मुंजाजीने सरळ येसर घातलं. गफूरभाईंनी खसखस घातली. मग दोघांनी मिळून लाल तिखट घातलं, त्यावर मात्र एकमत होतं.

पातेलं जर्मनचं (ॲल्युमिनियमचं), बुडाला माती लिंपलेलं. बटेर रश्श्यात सोडले, वर ताट झाकलं, ताटात पाणी ओतलं. माझ्या हातात लाकडी पळी आली.

"हालवत ऱ्हावा, दाजी. खाली लागू देऊ नका."

मी हलवत राहिलो. ताट सरकवायचं, पळी तळापर्यंत घालायची, फिरवायची, ताट परत ठेवायचं. वाचनालयात मी पुस्तकं लावायचो तसंच काम होतं ते, लक्ष लागतं पण विचार करावा लागत नाही. कडुलिंबाची सावली सरकत गेली तसे आम्हीही सरकलो. गफूरभाई जुन्या शिकारीच्या गोष्टी सांगत होते, आणि त्या बहुतेक न मिळालेल्या शिकारीच्या होत्या. एकदा सासरे सशाच्या मागे धावत थेट ताडकळसच्या बाजारात घुसले आणि ससा नाही पण उधारीवाला दुकानदार समोर सापडला. एकदा सगळे रिकाम्या हाताने परतले, तेव्हा लहानग्या शोभाने चुलीपाशी नुसत्या तिखट रश्श्यात भाकरी कुस्करून खाल्ली आणि म्हणाली, शिकार छान झाली.

हे मला माहीत नव्हतं. चाळीस वर्षांत तिने कधी सांगितलं नव्हतं.

मायही शेतात आल्या होत्या. चुलीपासून लांब, आखाड्याच्या (शेतातल्या झोपडीच्या) दाराशी घोंगडीवर बसल्या होत्या, स्वतःची पिठलं-भाकरी घेऊन. मुंजाजीची बायको रुक्मिण भाकऱ्यांची चवड घेऊन आली, तशी गफूरभाईंनी हात चोळले.

"काढा ताट."

मी ताट काढलं. वाफ गेली. रस्सा होता, गडद, वर तेलाचा लाल थर. पळी घातली. पळीत रस्सा आला. पुन्हा घातली. एक बारीक हाड आलं, काडीएवढं.

मुंजाजीने पळी माझ्याकडून घेतली आणि तळ शोधला. मग गफूरभाईंनी त्याच्याकडून घेतली.

"बटेर कुठं गेले?" मुंजाजीने विचारलं.

"पळाले," गफूरभाई म्हणाले.

रुक्मिणने पदर तोंडाला लावला. दोन तास शिजवल्याशिवाय नरम न होणाऱ्या रानातल्या तितराचं गणित या दोघांनी पिंजऱ्यातल्या कोवळ्या पाखरांना लावलं होतं, आणि मी तळापासून ढवळून ढवळून ते पुरतं केलं होतं. डझनभर बटेर रश्श्यात विरघळून गेले होते.

"येसरामुळं झालं," गफूरभाई म्हणाले.

"खसखशीमुळं," मुंजाजी म्हणाला.

आम्ही जेवायला बसलो. भाकरी कुस्करून रश्श्यात. पहिला घास मी घेतला. मटणासारखं ते जड नव्हतं, कोंबडीसारखं सपकही नव्हतं. आधी निखाऱ्यातल्या खोबऱ्याचा धूर, मग तिखट, आणि अगदी शेवटी, गिळून झाल्यावर, एक खमंग गोडसर चव जिभेच्या मागे राहायची, हुरड्याच्या जवळपासची. शिकार पहिल्यांदा खाणाऱ्याला माझा सल्ला एकच. घाई करू नका. बारीक हाडं असतात, आणि आमच्या पातेल्यात तर हाडंच होती. चौघेजण मान खाली घालून, जिभेने चाचपत, थुंकत खात होतो. बोलायची सोय नव्हती. मुंजाजीने दीड वर्षाचा उपास असा सोडला की तिसऱ्या भाकरीनंतर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तिखटाने, असं तो म्हणाला.

हात धुऊन झाल्यावर त्याने पिशवीतून कोरा टॉवेल, टोपी आणि शर्टाचं कापड काढलं. हे अंगावर घातलं की दुखोटा निघाला. मी टोपीसाठी डोकं वाकवलं.

"मुंजा," आखाड्याच्या दारातून मायनी हाक मारली. "जावयानं तंगडी मोडली का?"

"कसली तंगडी?"

"पाखराची. आख्खी तंगडी घ्यायची, मोडायची, अर्धी घरच्याला द्यायची, अर्धी आपुन खायची. तवा दुखोटा मोडतो."

मुंजाजी आणि गफूरभाई एकमेकांकडे पाहू लागले.

"माय, हे तर कधी आइकलं न्हाई."

"तुला काय आइकू येतं? ईस मिनिटं शिजवा मनलं ते बी तुला आइकू आलं न्हाई." म्हणजे शेडवाल्याचं ते बोलणं मुंजाजीने शेतात आल्यावर मायना सांगितलं होतं तर. "तंगडी हाय का पातेल्यात?"

गफूरभाईंनी प्रामाणिकपणे पळी फिरवून पाहिली. "न्हाई, भाभी."

"मंग घराचा फिटला. तुमी सगळे खावा उद्यापासून काय खायचं ते." त्यांनी मुंजाजीकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. "त्यांचा न्हाई फिटला. पुढल्या वर्साला यावं लागंल त्यांना. आन हिकडं ती टोपी."

मुंजाजीने टोपी, टॉवेल, कापड त्यांच्या हातात दिलं. त्यांनी घडी घालून ते आपल्या पिशवीत, पिठल्याच्या डब्याखाली ठेवलं. "बरं, माय," मी म्हणालो.

गफूरभाई पातेलं पालथं करून घासायला लागले. "पुढच्या बारीला येसर नको," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुंजाजी स्टँडवर सोडायला आला. एसटी लागली तरी तो पिशवी देईना.

"दाजी, माय कायबी मनती. तसा नेम-बीम काय नव्हता. मी गफूरभाईला बी इचारलं."

"असू दे की."

"तसं न्हाई. तुमाला यायचा ताप." मग जरा विचार करून म्हणाला, "पुढच्या वर्सी गावरान कोंबडाच घेऊ. त्याची तंगडी दिवसभर शिजवली तरी जागची हालत न्हाई."

"नको," मी म्हणालो. "बटेरच आणू. मी हलवतो."

त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मग तो हसला, मान वर करून, मफलर सैल होईपर्यंत. पिशवी दिली.

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसलो. करडईचे पट्टे आता उलट्या दिशेने जात होते. शिकारीवर पूर्वी मी बरंच वाचलेलं आहे, राजांच्या शिकारखान्यांचं, साहेबांच्या बंदुकांचं. त्यात कुठेही तीन म्हातारी माणसं एका पातेल्यात विरघळलेले पक्षी शोधताना आढळत नाहीत. ते लिहिलं पाहिजे असं वाटलं, म्हणून हे लिहिलं. कृती मी जमेल तितकी बरोबर दिली आहे. कुणी करून पाहणार असेल, तर पाळलेले बटेर आणा, कांदा-खोबरं निखाऱ्यात भाजा, आणि पंचवीस मिनिटांनी पातेलं उतरवा. तुमची पाखरं शाबूत राहतील.

मुंजाजीचा फोन येतो. परवा त्याने मटण खाताना फोन केला, चावतानाचा आवाज येत होता.

नाशिकच्या घरात आता मी एकटा असतो. ताडकळसला माझं एक जेवण बाकी आहे.